वही कोणाच्या हातात

(कोसाड, सुरत येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत वर्षानुवर्षं गणित शिकवलं. या शहराची महापालिका गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांतून मुलांना शिकवते, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या लोकांना सांगितली तर त्यांना नवल वाटतं. गणिताच्या शिक्षकाला साजेसा विषय शोधताना मला एक शब्द सापडला आणि आज मी त्या एका शब्दावरच बोलणार आहे. शब्द आहे ‘व्यवहार’.

मराठीत आपण हा शब्द माणसाला खाली ओढायला वापरतो. ‘तो पक्का व्यवहारी आहे’ असं म्हटलं की त्याच्या काळजात ओलावा नाही, असं समजायचं. ‘भावाभावांत कसला व्यवहार?’, ‘तिनं नात्यात व्यवहार आणला’, ही आपली नेहमीची वाक्यं. पण इथे शेजारच्या गुजराती घरातली बाई म्हणते, ‘अमारे एमनी साथे वहेवार छे’, तेव्हा तिचा आवाज वेगळा असतो. त्या घराच्या लग्नाला आम्ही जातो, आमच्या घरच्या मर्तिकाला ते येतात, बाळंतपणाला डबा पोहोचतो, दिवाळीला पाया पडायला मुलं जातात, हे सगळं त्या एका शब्दात येतं. वहेवार साचवायचा असतो, म्हणजे जपायचा असतो. तो तुटला की माणसं दुरावली. सुरतेत वाढलेलं खानदेशी पोर घरात एक अर्थ ऐकतं आणि गल्लीत दुसरा. माझं म्हणणं असं की गल्लीतला अर्थ जुना आहे, आपलाही आहे, आणि तो आपण सोडला यात आपलं नुकसान झालं. कोणाचं नुकसान जास्त झालं, हे पुढे सांगतो.

‘रोटीबेटी व्यवहार’ हा शब्द आपण अजून बोलतो. कोणाच्या घरी जेवायचं आणि कोणाच्या घरात मुलगी द्यायची, हा आयुष्यातला सगळ्यांत जिव्हाळ्याचा प्रश्न, आणि त्याला मराठीने नाव दिलं ते व्यवहाराचं. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून फारसी राजभाषेला संस्कृत पर्याय देणारा कोश तयार झाला, त्याचं नाव ‘राज्यव्यवहारकोश’. धर्मशास्त्रात तर व्यवहार म्हणजे न्यायनिवाडा. मनूने वादाचे अठरा विषय मांडले, ती अठरा व्यवहारपदं, आणि त्यांतलं पहिलं आहे ऋणादान, घेतलेल्या कर्जाचं. कात्यायनाने या शब्दाची फोड केली ती मला फार आवडते: नाना प्रकारचे संदेह जो दूर करतो तो व्यवहार. दोन माणसांमध्ये काय ठरलं, किती दिलं, किती राहिलं, याबद्दल मनात शंका उरू नये म्हणून व्यवहार.

आणि ही परंपरा सुरतेपासून दूरची नाही. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने ‘व्यवहारमयूख’ लिहिला. त्याचं घराणं मूळचं पैठणचं, काशीला जाऊन स्थायिक झालेलं. इंग्रजी अमलात न्यायालयांनी ठरवलं की महाराष्ट्रात मिताक्षरा हा धर्मशास्त्रग्रंथ चालेल, पण गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण इथे मतभेद आला तर मयूखाचा शब्द वरचढ. म्हणजे इथल्या कित्येक घरांतल्या वारसाहक्काचे निवाडे एका पैठणकर घराण्यातल्या पंडिताच्या ग्रंथावरून झाले. हॅरी बोराडेल या इंग्रज अधिकाऱ्याने मयूखाचं भाषांतर केलं, ते १८२७ मध्ये याच सुरतेत छापलं गेलं. पुढे म. म. पां. वा. काणे यांनी १९२६ मध्ये मूळ ग्रंथ संपादित केला. सुरतेला मराठी माणूस फक्त लूम चालवायला आला असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

कोणी म्हणेल, शास्त्री-पंडितांचं सोडा, संतांनी तर व्यवहाराकडे पाठ फिरवली. तुकोबांचीच गोष्ट घ्या. घरात महाजनकी, दुष्काळानंतर लोकांकडे येणं अडकलेलं, कर्जखतांचा गठ्ठा घरात. परंपरा सांगते की तुकोबांनी ती खतं इंद्रायणीत बुडवली. एवढंच आपल्याला आठवतं. त्याआधी त्यांनी काय केलं, हे मात्र आपण कीर्तनातही भराभर ओलांडतो. त्यांनी खतांचे दोन वाटे केले. अर्धी खतं धाकट्या भावाला, कान्होबाला, दिली आणि बुडवली ती आपल्या वाट्याची. भावाच्या वतीने उदार होण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ‘भावाभावांत कसला व्यवहार’ असं म्हणून त्यांनी सगळाच गठ्ठा पाण्यात सोडला असता, तर कान्होबाच्या पोराबाळांनी काय खाल्लं असतं? वैराग्य आधी वाटणी करून मगच नदीवर गेलं. मला या वाटणीत तुकोबांचं मन त्या बुडवण्याइतकंच दिसतं.

मग या शब्दाची किंमत आपल्याकडे उतरली कशी? मला वाटतं, हे काम पगारदार मध्यमवर्गाच्या मराठीने केलं. ज्याला महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार मिळतो, ज्याचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, ज्याचा विमा आहे, त्याला शेजाऱ्याकडे पाच किलो ज्वारी मागायची वेळ येत नाही. त्याची देवघेव बँकेशी आणि सरकारशी होते. त्यामुळे घरातलं आणि मैत्रीतलं नातं हिशेबाबाहेरचं, शुद्ध असावं, हे म्हणणं त्याला परवडतं. कथा-कादंबऱ्यांची आणि वर्तमानपत्रांची भाषा त्याची होती, म्हणून ते म्हणणं सगळ्यांचं झालं. धुळे-नंदुरबारहून सुरतेला आलेल्या माणसाला ते कधी लागू पडलंच नाही.

तापी व्हॅली रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरत आणि खानदेश जोडले. उधना, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव ही नावं इथल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. या गाडीने आलेला माणूस पहिल्या रात्री कोणाच्या खोलीवर उतरला? गावच्या, भाऊबंदांतल्या, नाही तर मेव्हण्याच्या ओळखीच्या माणसाच्या. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा भागातल्या खोल्या अशाच भरल्या. आज मी तुला खाटेएवढी जागा देतो, कारखान्यात शेठजीपाशी तुझ्यासाठी शब्द टाकतो. उद्या माझा पुतण्या येईल, तेव्हा तू त्याला घे. हे कोणी कागदावर लिहिलं नाही, पण विसरलंही कोणी नाही. याला प्रेम म्हणायचं की व्यवहार? हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. त्या पहिल्या रात्रीची खाट व्यवहारातली होती, म्हणूनच ती मिळेल याची खात्री होती. नुसत्या प्रेमावर अवलंबून राहायचं तर माणसाला आधी प्रिय व्हावं लागतं.

लग्नातली आहेराची वही घ्या. लग्नाच्या मांडवात कोपऱ्यात जरा शिकलेला एक मुलगा वही घेऊन बसतो. नाव, गाव, रक्कम. टॉवेल-टोपी, साडी, पातेलं. आपल्याकडे भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरायची पद्धत होती. लग्नाची तारीख, ‘यांजकडून सप्रेम भेट’. चाळीस वर्षांनी त्या पातेल्यात भात शिजतो तेव्हाही नाव वाचता येतं. गुजराती लग्नात हाच प्रकार चांदल्याचा. या वहीची आजकालची शिकलेली मुलं थट्टा करतात. पण ज्या घरात साठवलेला पैसा नाही, त्या घराला मुलीचं लग्न कसं झेपतं, हे त्या वहीत बघावं. वीस वर्षं शंभर घरांत थोडं थोडं दिलेलं त्या एका दिवशी परत येतं. ही गरिबाची पतपेढी आहे, आणि तिला तारण लागत नाही.

शिवाय ती वही कधी मिटत नाही, ही तिची खुबी. एकशे एक आले होते तर दोनशे एक जातात. बरोबर तेवढेच परत केले तर समोरच्याला टोचतं. हिशेब संपवून टाकला, असं त्याला वाटतं. शेजारणीने वाटीत भाजी पाठवली तर वाटी रिकामी परत करू नये, हे आपल्या आयांनी शिकवलं. निदान चिमूटभर साखर तरी घालावी. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये दानावरचा आपला निबंध छापला. पॅसिफिक बेटांवरच्या आणि उत्तर अमेरिकेतल्या जमातींचे दाखले देऊन त्याने दाखवलं की देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनं मिळून समाज उभा राहतो. प्राचीन हिंदू शास्त्रांतली दानाची चर्चाही त्याने त्यात घेतली आहे. आपल्या बायकांनी तो निबंध वाचला नाही, पण वाटीतल्या साखरेचं कारण त्यांना त्याच्याइतकंच नीट कळलेलं होतं.

पण वहीची दुसरी बाजूही आहे, आणि ती दाखवणारं खानदेशाचं एक देणं सांगायला हवं. गुजरातीचा थोर आख्यानकवी प्रेमानंद वडोद्याचा, पण त्याच्या आयुष्याचा मोठा काळ आपल्या नंदुरबारात गेला. त्याचं ‘कुंवरबाईनुं मामेरुं’ हे आख्यान इथे घराघरांत माहीत आहे. नरसी मेहतांच्या मुलीचं डोहाळजेवण आहे. माहेरून मामेरं यायला हवं आणि बाप तर टाळ-वीणा घेऊन आलेला निर्धन भक्त. सासरची म्हातारी खोचकपणे यादी लिहून देते, लांबच लांब, आणि शेवटी म्हणते, हे जमत नसेल तर दोन मोठे दगड तरी आण. मग देव शेटजीच्या रूपात येतो आणि यादी पुरी करतो, दगडांसकट. भक्तीची गोष्ट म्हणून आपण ती ऐकतो. मला त्यात यादी लिहिणारा हात दिसतो. परत देण्याची ताकद एका बाजूला नाही, हे ठाऊक असताना लिहिलेली यादी म्हणजे व्यवहार नसतो. ती मारण्याची काठी असते. हुंडा हा त्याच काठीचा मार. साटंलोटं हाही मी त्याच बाजूला ठेवतो. आपली मुलगी त्यांना आणि त्यांची आपल्याला, वरवर बरोबरीचं दिसतं. पण एका घरात बिनसलं की दुसरीही सुखानं नांदत असताना माहेरी परत आणली जाते. तिथे देणारेघेणारे पुरुष असतात आणि मुली चलनासारख्या फिरतात. वर्तमानपत्रांनी ‘साटंलोटं’ हा शब्द पुढाऱ्यांच्या संगनमतासाठी इतका घासला आहे की त्या मुली आता त्यात दिसत नाहीत.

तेव्हा रेघ कुठे ओढायची? हिशेब असलेली नाती आणि हिशेब नसलेली नाती अशी मी ती ओढत नाही. वही कोणाच्या हातात आहे, दोघांनाही ती उघडून बघता येते का, आणि दोघांनाही कधी तरी देणाऱ्याच्या जागी उभं राहता येतं का, एवढंच मी विचारतो.

शेतीत याची चांगली उदाहरणं आहेत. सावड, वारंगुळा, इर्जिक, पडकई. प्रांताप्रांताची नावं वेगळी. आज तुझ्या शेतावर माझी माणसं आणि बैल, परवा माझ्या शेतावर तुझे. इथे वही दोघांच्या डोक्यात सारखीच असते.

आणि वाईट उदाहरणंही शेतीतलीच. या दक्षिण गुजरातेत हाळी पद्धत होती. दुबळा समाजातला तरुण लग्नासाठी अनाविल ब्राह्मण जमीनदाराकडून पैसे उचलायचा आणि त्या कर्जापोटी जन्मभर त्याच्या शेतावर राबायचा. बायको मालकाच्या घरी शेणगोठा करायची. कर्ज फिटायचं नाही, कारण ते किती फिटलं हे फक्त मालकाला ठाऊक असायचं. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने या भागात राहून त्यावर १९७४ मध्ये ग्रंथ लिहिला. त्याने नोंदवलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही: त्या नात्यात आश्रय आणि पिळवणूक वेगळी काढताच येत नव्हती. मालक हाळ्याला आपल्या घरचा म्हणायचा.

महाराष्ट्रात बलुत्याचं तेच. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहिला, त्यात कारू-नारूंच्या, म्हणजे बलुतेदार-अलुतेदारांच्या, हक्कांचं बारीक वर्णन आहे. सुताराला, लोहाराला धान्याचा ठरलेला वाटा मिळे, हे खरं. पण महाराच्या वाट्याला आलेलं वतन म्हणजे दिवसरात्र सरकारी आणि गावकीची वेठ, आणि बदल्यात दारोदार मागायचं बलुतं. काम किती आणि त्याचं मोल किती, हे कुठेच बांधलेलं नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनात सुधारणा करणारं विधेयक आणलं. त्यांचं मागणं कोणी नीट बघितलं तर ते दयेचं नव्हतं. कामाला ठरलेला, रोख मोबदला हवा, ही मागणी त्यात होती. ती वतनं कायद्याने जायला १९५८ साल उजाडावं लागलं. दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिलं, तेव्हा त्या शब्दाच्या पोटात काय दडलं होतं ते शहरी वाचकाला पहिल्यांदा कळलं.

आता आजचं. ऊसतोडीला मुकादम जे पैसे आधी देतो त्याला आपण ‘उचल’ म्हणतो. इथल्या कारखान्यात शेठ पगाराआधी देतो त्याला ‘उपाड’. दोन्ही शब्द उचलण्याचेच. इथून जवळच सायणला, पलीकडे बारडोलीला सहकारी साखर कारखाने आहेत. डांग, नंदुरबार, धुळ्याकडून कोयते येतात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामात खायला खावटी मिळते आणि शेवटी ती हिशेबातून वजा होते. टोळीतला माणूस सांगतो, ‘मुकादम आपलाच माणूस आहे, वही त्याच्याकडेच.’ या एका वाक्यात सगळं आलं. आपला आहे म्हणून वही मागायची लाज वाटते. १९७६ मध्ये वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला, पण लाजेवर कायदा चालत नाही.

म्हणून मी सुरुवातीला म्हणालो की शब्दाची बदनामी झाली यात नुकसान आहे, आणि ते दुबळ्याचं जास्त. ‘आपल्यात कसला व्यवहार?’ हे वाक्य नेहमी वरच्या बाजूकडून खाली येतं. घरकाम करणाऱ्या बाईला ‘तू तर घरच्यासारखीच’ म्हणतात आणि मग तिला रजा मागता येत नाही, पगारवाढीचा विषय काढता येत नाही. घरच्या माणसाने पगार मागायचा असतो का? पुण्यात १९८० मध्ये घरकामगार बायकांनी संप केला आणि त्यातून संघटना उभी राहिली. तिचं नाव त्यांनी ठेवलं ‘पुणे शहर मोलकरीण संघटना’. मोल हा शब्द त्यांनी पुसला नाही. पुढे २००८ मध्ये महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा आला. त्या बायकांनी मालकिणींशी भांडण केलं असं म्हणतात. मला वाटतं, त्यांनी कात्यायनाच्या अर्थाने व्यवहार केला. संदेह काढून टाकला.

कोसाडबद्दल बोलल्याशिवाय मला थांबता येणार नाही. तापीच्या दक्षिणेला, नदीकाठी आणि नाल्यांच्या कडेला वस्त्या होत्या. २००६ च्या ऑगस्टात उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि शहर बुडालं, ते इथल्या मोठ्यांनी पाहिलं आहे. त्याच सुमारास केंद्राची शहरविकास योजना आली आणि तापीच्या या बाजूला, कोसाडला, आवासाच्या इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. त्या वस्त्यांतली माणसं इथे आली. पक्कं छप्पर मिळालं, नळ मिळाला, स्वतःच्या नावाचा कागद मिळाला. याचं मोल मी कमी करणार नाही. पण घर सोडतीत मिळतं, शेजार सोडतीत मिळत नाही. जिच्याकडून रात्री दहा वाजता हातउसने दोनशे रुपये आणता येत होते, ती शेजारीण दुसऱ्या इमारतीत, नाही तर गावच्या दुसऱ्या टोकाला गेली. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत आपलं नाव होतं, तो दुकानदार तिकडेच राहिला. भिशीच्या बारा जणींपैकी सात जणी पांगल्या. नकाशा करणाऱ्याला हे काही दिसत नाही, कारण त्याच्या लेखी ते सरकारी व्यवहार नव्हते. नव्या घरात पहिला महिना अडला तेव्हा बायका व्याजाने पैसे देणाऱ्याच्या दारात गेल्या. जुना व्यवहार तुटला, त्या जागी सावकार आला.

तो शेजार पुन्हा बांधणं चालू आहे, आणि ते तुम्ही बायका करता आहात. जिन्यावर बसून साडीला लेस लावताना, टिक्क्या चिकटवताना, धागे कापताना नवी भिशी ठरते. त्या गठ्ठ्यांचा मात्र मला घोर लागलेला आहे. ठेकेदार टेम्पोतून माल टाकतो, आठवड्याने घेऊन जातो, नगाचा दर तोच सांगतो आणि किती नग झाले, किती खराब निघाले, हेही त्याच्याच वहीत लिहिलं जातं. ‘मासी, तुमच्यावर तर पूर्ण विश्वास आहे’, असं तो म्हणतो. असेलच. मग तारीख, नग आणि दर तुमच्याही वहीत लिहा आणि त्याच विश्वासावर त्याची सही घ्या. सही मागितली म्हणून तो माल दुसऱ्या जिन्यावर नेईल, ही भीती खरी आहे. म्हणून एका जिन्यावरच्या सगळ्या जणींनी एकाच आठवड्यात वह्या सुरू करायला हव्यात.

सभा संपल्यावर मी मागच्या खोलीत थांबणार आहे. गुरुजींच्या मुलांनी वह्यांचा एक गठ्ठा आणून ठेवला आहे. ज्यांना रकाने आखून हवे असतील त्यांनी यावं, मराठीत किंवा गुजरातीत, जसं वाचता येतं तसं आखून देऊ.